सर्जनचं कोडं मराठीत सांगून बघा, मग बोला

आडनाव_नाही:
ते जुनं कोडं माहितीये ना? बाप नि मुलगा गाडीतून चाललेत, अपघात होतो, बाप जागीच जातो, मुलाला ऑपरेशनला नेतात, आणि सर्जन त्याला बघून म्हणतो... की म्हणते... "मी नाही करू शकत, हा माझाच मुलगा आहे." काल भाचीला सांगायला गेले आणि इथेच अडकले. 'म्हणाले' म्हटलं तर खोटं, 'म्हणाल्या' म्हटलं तर कोडंच फुटलं. शेवटी खोकला आल्यासारखं करून वेळ मारून नेली 😅
जी भाषा दर क्रियापदाला 'बाई की बाप्या' विचारते ती डोक्यालाही तीच सवय लावणार असं माझं मत. शिवाय लोटा-लोटी, सुरा-सुरी, डबा-डबी, दोर-दोरी बघा, मोठं नि दणकट ते पुल्लिंगी, छोटं नाजूक ते स्त्रीलिंगी, आणि हे पोर बोलायला लागल्यापासून ऐकतंय.

पाणिनीचा_नातू:
ओढा पुल्लिंगी, नदी स्त्रीलिंगी. कोण मोठं? तोफ, इमारत, पृथ्वी, सगळ्या नाजूक का? संस्कृतात बायकोला 'भार्या' स्त्रीलिंगी, 'दार' पुल्लिंगी आणि 'कलत्र' चक्क नपुंसकलिंगी, म्हणून कुणी बायकोला पुरुष समजलं नाही. व्याकरणातलं लिंग म्हणजे शब्द ठेवायचे कप्पे, बस.
आणि कोड्याचं म्हणाल तर "सर्जनने मुलाला पाहिलं आणि सांगितलं". 'ने' लावला की क्रियापदाला कर्त्याचं लिंग विचारायची गरजच नाही. शाळेत प्रयोग शिकलाच असाल.

आडनाव_नाही:
मान्य, हे त्या वेळी सुचलं नाही. पण ओढा-नदी ही जोडी नाही हो, दोन वेगळे शब्द आहेत. लोट्याला ई लावून लोटी बारीक केलीये, मुद्दा तो आहे.

तिरकस_चहा:
तुर्कीत तो-ती नाहीच, दोघांना 'ओ'. फारसीतही एकच. मग इराणमध्ये बायकांनी डोकं झाकायचं की नाही हे सरकार ठरवतं तेव्हा ते सर्वनाम कुठे झोपलेलं असतं? फिनलंडमध्येही दोघांना एकच 'हॅन', आणि तिथे १९०६ मध्ये बायकांना मत मिळालं. सर्वनामाची सोय तीच आणि समाज दोन टोकाचे. उगाच भाषेला बडवू नका.

कोडवाली:
तुर्कीवरून आठवलं. 'ओ' डॉक्टर आहे असं गूगलच्या भाषांतरात टाकलं की इंग्रजीत 'ही' यायचं, नर्स टाकली की 'शी'. २०१८ च्या शेवटी त्यांनी अशा वाक्यांना दोन्ही उत्तरं दाखवायला सुरुवात केली. मूळ वाक्यात लिंग नव्हतंच, मशीनने ते माणसांनी लिहिलेल्या ढिगातून उचललं.

पाणिनीचा_नातू:
झालं! म्हणजे घाण माणसाच्या डोक्यातली. व्याकरण सुटलं.

कोडवाली:
अहो पण तो ढीग भाषेतच लिहिलाय ना.

मधलीच_मी:
जर्मनमध्ये पूल स्त्रीलिंगी म्हणून त्यांना तो नाजूक वाटतो आणि स्पॅनिशमध्ये पुल्लिंगी म्हणून भक्कम, असा एक प्रयोग सगळे फेकत असतात. इथे कुणी फेकायच्या आत सांगते, नंतर दुसऱ्यांनी करून बघितला तेव्हा तसं काही निघालं नाही. स्वीडिशमध्ये मात्र 'हान' म्हणजे तो आणि 'हून' म्हणजे ती, यांच्या मधे दोघांना चालणारा 'हेन' आणला, २०१५ ला अकादमीच्या कोशात गेला, लोक वापरतात. तेव्हा भाषा वाकवता येते. आपल्याकडे तर सोय आधीपासूनच आहे, 'मुलं आली' म्हटलं की मुलगे-मुली दोघं आले, 'माणसं जमली' तसंच. हिंदीला हे नपुंसकलिंग नाही. आणि काही बोलींत बायका सर्रास 'मी आलो, मी जातो' म्हणतात, त्याने त्यांचं काय बिघडलं?

तिरकस_चहा:
बिघडलं नाही तसं सुधारलंही नाही, तेच म्हणतोय मी.

पाणिनीचा_नातू:
@आडनाव_नाही, भाचीने उत्तर काय दिलं ते सांगितलंच नाहीत.

आडनाव_नाही:
"म्हणजे ते सर्जन त्याचे सावत्र बाबा होते."

पाणिनीचा_नातू:
बघा! तुम्ही 'म्हणाले' म्हटलंच नव्हतं, खोकला होतात. तरी बाबाच आले. यात व्याकरणाचा काय दोष?

आडनाव_नाही:
नऊ वर्षांची आहे ती. माझ्या खोकल्याच्या जागी 'म्हणाले' तिचं तिनेच ऐकलं.