विषय: फेब्रुवारीत सेंट जॉन – स्पीकर नसलेला किनारा कुठे?

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीत मुलांना आठवडाभर सुट्टी आहे. कॅरिबियन समुद्रातल्या अमेरिकी व्हर्जिन आयलंड्सपैकी सेंट थॉमसची तिकिटं काढून झाली आहेत, राहणार मात्र पलीकडच्या सेंट जॉन बेटावर. आम्ही चौघं आणि सासूबाई. त्या रत्नागिरीच्या, वय ७२, गुडघे कुरकुरतात. "भाट्याचा समुद्र सोडून इथे आले, आणि तुम्ही मला पैसे भरून समुद्र दाखवणार?" हे रोज ऐकते आहे.

गेल्या वर्षी दुसऱ्या एका बेटावर गेलो होतो. रिसॉर्टच्या किनाऱ्यावर सकाळी आठलाच टॉवेल टाकून खुर्च्या अडवलेल्या आणि दिवसभर स्पीकर. एसटीत रुमाल टाकून जागा धरणं परवडलं. या वेळी फक्त लाटांचा आवाज हवाय. कुणी गेलंय का तिकडे?

– मृ.

———

ताई, शांतता हवी तर त्या आठवड्यात जाऊच नका. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या बऱ्याच शाळांना तेव्हाच सुट्टी असते.

आम्ही जहाजाच्या सहलीत सेंट जॉनचा ट्रंक बे पाहिला. फोटोत दिसतो तसाच आहे. फोटोत फक्त आमच्या जहाजावरची माणसं नसतात.

– स. कु.

———

मृ.,

आम्ही दोघं चार वेळा जाऊन आलो, पहिल्यांदा २०१६ मध्ये, म्हणजे इर्मा वादळाच्या आदल्या वर्षी. स. कु. म्हणतात ते खरं आहे, पण तिकिटं काढलीच आहेत तर ऐक.

बेट लहान, लांबी नऊएक मैल. निम्म्याहून जास्त भाग नॅशनल पार्क आहे. १९५६ साली लॉरन्स रॉकफेलरने पाच हजार एकरांच्या आसपास जमीन दिली, त्यातून तो झाला. म्हणून उत्तरेच्या रस्त्याने निघालं की एका वळणावर एक असे किनारे लागतात आणि हॉटेलं जवळपास नाहीतच. तिथे गर्दी किनाऱ्याला नसते, पार्किंगला असते. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सोपं आहे.

बेटावर विमानतळ नाही. मोठी जहाजं सेंट थॉमसला लागतात, तिथून माणसं फेरीने सेंट जॉनच्या क्रूझ बे गावात उतरतात आणि उघड्या सफारी टॅक्सीत बसतात. ट्रकवर बाकडी टाकलेलं वडापच ते. ही वडापं दहाच्या सुमाराला ट्रंक बेला रिकामी व्हायला लागतात आणि तीननंतर परत भरतात. जहाजांचं वेळापत्रक नेटवर कितीतरी आधी लागतं. ते आधी बघ, मग किनारा ठरव. ट्रंक बे टाळू नकोस, पोहत पोहत वाचायच्या पाट्या पाण्याखाली लावल्यात, मुलांना मजा येईल. पण साडेसातला पोच आणि साडेनऊला नीघ.

चालायची तयारी असेल तर दोन जागा. गावातल्या पार्कच्या ऑफिसमागून लिंड पॉइंटची पायवाट सुटते, ती सॉलोमन आणि हनिमून अशा दोन किनाऱ्यांवर उतरते. हनिमूनला आता बोटी येतात, खुर्च्या भाड्याने मिळतात, सॉलोमनला थांब. दुसरी जागा लाइन्स्टर बे. ॲनाबर्गला उसाच्या घाण्याचे अवशेष आहेत, पवनचक्कीचा दगडी बुरूज अजून उभा आहे. तिथे गाडी लावून पाण्याच्या कडेकडेने वीसएक मिनिटं चाललं की समोर वॉटरलेमन के नावाचं टीचभर बेट. त्याच्याभोवती पोवळी आणि मासे भरपूर, पण टोकाला ओढ असते. मुलांना एकटं सोडू नकोस. तिथे जीवरक्षक नसतो.

थंडीत उत्तरेकडून मोठ्या लाटा येतात. स्थानिक लोक त्याला 'ग्राउंड सी' म्हणतात. मग उत्तरेचे सगळे गुळगुळीत किनारे एका रात्रीत खवळतात. त्या दिवशी सरळ दक्षिणेला, सॉल्ट पाँड बेला जायचं. रस्त्यापासून दहा मिनिटांचा उतार. येताना तोच चढ उन्हात चढायचा असतो, पाणी जास्त घे. मिठाच्या तळ्याच्या पलीकडे ड्रंक बे म्हणून दगडगोट्यांचा किनारा आहे. तिथे पोहायचं नाही, वारा नुसता सुटलेला असतो. पण येणारे जाणारे लोक तिथे खडकांवर पोवळ्याच्या तुकड्यांची माणसं मांडतात. करवंटीचं डोकं, शेवाळाचे केस, शिंपल्याचे डोळे. हिने एकीला समुद्रातल्या गवताचं नऊवारी नेसवलं. काष्टा बसेना म्हणून पाऊण तास मी उन्हात उभा.

लॅमेशुरचा किनाराही सुंदर, पण पुढचा रस्ता कच्चा आहे आणि भाड्याच्या गाडीच्या करारात बहुतेक तो वर्ज्य असतो. करार वाच. आम्ही वाचला नव्हता.

गाडी डावीकडून चालवायची, आपल्या देशासारखी, पण स्टिअरिंगही डावीकडेच. आणि घाट असा की वरंधा आठवतो.

आणखी एक. उत्तरेच्याच रस्त्यावर हॉक्सनेस्ट किनाऱ्याच्या शेजारी गिब्नी बीच आहे. गीता मुळातून वाचता यावी म्हणून संस्कृत शिकलेल्या ओपनहायमरने तिथे घर बांधलं होतं. त्याच्या मुलीने ती जागा बेटावरच्या लोकांना देऊन टाकली. रस्त्याकडेला दोनतीनच गाड्या मावतात, म्हणून खाली सहसा कोणी नसतं.

– वि. रा.

———

काका, किती लिहिलंत! सेव्ह केलं. पण यातलं सासूबाईंना कुठलं झेपेल? वीस मिनिटं चालणं कठीण आहे.

– मृ.

———

माहो बे आणि फ्रान्सिस बे. माहोला रस्ता आणि पाणी यांच्यात वाळूची पट्टी फक्त, गाडीतून पाय काढला की वाळूत. उथळ, तळाशी गवत, ते चरायला कासवं येतात. मात्र साडेनऊनंतर गाडी लावायला जागा विसर. फ्रान्सिस बे थोडा पुढे, लांबलचक; कडेला झाडांची सावली. तळ्याकाठी लाकडी फळ्यांची वाट आहे, सपाट, पक्षी बघायला त्यांना आवडेल.

– वि. रा.

———

मृ. ताई, तीन गोष्टी काकांच्या राहिल्या.

एक, मॅन्चिनील नावाचं झाड. किनाऱ्यावरच असतं, हिरव्या छोट्या सफरचंदासारखी फळं. चीक बिब्ब्यासारखा उततो, फळ तर विषारीच. पावसात त्याच्या आडोशाला उभं राहायचं नाही. मुलांना आणि सासूबाईंना पाटी दाखवून ठेवा, कोकणातली माणसं पडलेलं फळ उचलून चाखून बघतात.

दोन, सनस्क्रीन. पोवळ्यांना त्रास होतो म्हणून ऑक्सिबेन्झोन वगैरे रसायनं असलेली तिथे २०२० पासून बंद आहेत. झिंकचं घ्या. चेहरा कीर्तनातल्या बुक्क्याच्या उलट, पांढराफेक दिसतो. चालतं.

तीन, जाताना देशांतर्गत विमान असलं तरी परतताना सेंट थॉमसला कागद तपासतात. सगळ्यांचे पासपोर्ट, ग्रीन कार्डं जवळ ठेवा. समोर दिसणारं टॉर्टोला ब्रिटिशांचं आहे, सहज म्हणून बोटीने तिकडे जाऊ नका. ॲनाबर्गच्या बाजूला फोनसुद्धा तिकडचा टॉवर पकडतो आणि रोमिंग लागतं. रोमिंग बंद ठेवा.

– न.

———

सर्वांना विनंती: मेलच्या या यादीवर २४० जण आहेत. हळदीकुंकवाला किती जण येणार हे मात्र अजून अकराच जणांनी कळवलंय.

– खजिनदार

———

काका, न., सगळ्यांना,

परवा परत आलो. खजिनदारांची क्षमा मागून शेवटचा मेल.

पहिल्या दिवशी शहाणपणा करून साडेदहाला माहोला गेलो. जागा नाही. तीन चकरा, मागच्या सीटवर रडारड, शेवटी गावात परतून पाते खाल्ले. करंजीसारखा तळलेला प्रकार, आत भाजी. सासूबाई म्हणाल्या, पारीला मोहन कमी पडलंय.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला निघालो. फ्रान्सिस बेला आम्ही, एक जोडपं आणि पाण्यात धपाधप पडणारे पेलिकन. सासूबाई गुडघाभर पाण्यात, गाऊन वर खोचून, कमरेवर हात ठेवून उभ्या. दहा हातांवर कासवाने डोकं वर काढलं, फुस्स करून श्वास घेतला आणि खाली जाऊन पुन्हा चरायला लागलं. त्या हलल्याच नाहीत. ते परत वर आलं तेव्हा मला हळूच म्हणाल्या, "अगो, वेळासला पिल्लं समुद्रात जाताना बघितली होती. आई आज बघितली."

वेळासची जात वेगळी, हे मी सांगितलं नाही. पुढचे चार दिवस त्याच सगळ्यांना सहाला उठवत होत्या.

काका, तुमचे पोहायचे दोन मास्क पाडव्याच्या कार्यक्रमाला घेऊन येते. एकाची पट्टी तुटली आहे, नवीन मागवली आहे.

– मृ.