गेमची गोष्ट पुन्हा तीच? आपापले अनुभव लिहा

मंडळी, नवा गेम सुरू केलाय. नाव सांगत नाही, पुढचं वर्णन वाचून चारपाच नावं तुम्हालाच सुचतील. एक दाढीवाला, घुम्या, आतून पार तुटलेला माणूस. त्याच्या गळ्यात कुणाचं तरी पोर पडतं. जग संपलेलं असतं किंवा संपायच्या बेतात असतं. आधी हा तिच्यावर खेकसतो, मग ती ह्याचा जीव वाचवते, मग दोघं कुठेतरी उंचावर उभं राहून लांबचं बघतात आणि शेवटी हा तिच्यापायी काहीतरी भयंकर करून बसतो. २०१२ ला द वॉकिंग डेड आणि डिसऑनर्ड, २०१३ ला द लास्ट ऑफ अस आणि बायोशॉक इन्फिनिट, २०१५ ला विचर ३, २०१८ ला गॉड ऑफ वॉर (मुलीऐवजी मुलगा, एवढीच काय ती नवलाई). थोड्याफार फरकाने सगळीकडे बाप आणि पोर. एकेकटा घेतला तर यातले बहुतेक मला मनापासून आवडतात हे आधीच सांगते, नाहीतर अंगावर धावून याल.

तर धागा यासाठी, की तुम्हाला गेममधल्या कुठल्या गोष्टीचा वीट आलाय आणि कुठल्या गेमने खरंच काही वेगळं सांगितलं? नुसती यादी नको, खेळताना काय झालं ते लिहा. शेवट फोडणार असाल तर गेमचं नाव आधी टाका म्हणजे ज्याला वाचायचं नाही तो पुढे सरकेल.

*

माझं दुखणं म्हणजे स्मृती गेलेला हिरो. डोळे उघडतो, मी कोण, इथे कसा आलो, झालं सुरू. का करतात ते कळतं हो, खेळणाऱ्याला त्या जगातलं काही माहीत नसतं मग हिरोलाही नसलेलं बरं, सगळे जण त्याला सगळं समजावून सांगू शकतात आणि ते विचित्र वाटत नाही. प्लेनस्केप टॉरमेंटने १९९९ मध्ये हे इतकं भारी केलं होतं की नंतर कुणी हात लावायला नको होता, पण ब्रेथ ऑफ द वाइल्डमध्येही २०१७ ला हिरो लिंक शंभर वर्षांनी उठतो तो कोरी पाटी घेऊनच.

म्हणून डिस्को एलिझियम (२०१९) सुरू केला आणि पहिल्याच मिनिटाला कपाळाला हात लावला, परत तेच, दारू पिऊन सगळं विसरलेला डिटेक्टिव्ह! पण मग खोलीतल्या पंख्याला ह्याचा टाय अडकलेला दिसतो, पंखा फिरतोय, आपण म्हणतो काढू या, आणि तब्येत कमी ठेवली असेल तर तेवढ्याने हार्ट अटॅक येऊन माणूस मरतो. गेम खलास, अजून खोलीचं दारही उघडलेलं नाही. पुढे तर डोक्यातली २४ कौशल्यं आपापसात भांडतात, एक म्हणतं हिला खरं सांग, दुसरं म्हणतं रड, तिसरं भलत्याच विषयावर व्याख्यान देतं. इथे विसरणं ही सोय नाहीये, त्या माणसाने स्वतःला मुद्दाम पुसून टाकलंय आणि गावातल्या सगळ्यांना तो काय करून बसला ते ठाऊक आहे, फक्त त्याला नाही. म्हणजे जुनंच सामान, पण वापरलंय असं की मला माझी तक्रार गुंडाळून ठेवावी लागली.

*

मला छळतं ते वेगळंच. गोष्ट सांगते घाई कर आणि गेम सांगतो बस निवांत. फॉलआउट ४ मध्ये डोळ्यादेखत बायकोला गोळी घालून तान्हं पोर पळवून नेलं आणि मी काय करतोय, तर वस्तीत पलंग कुठे ठेवायचा, भिंत कुठे उभारायची, वीज कुठून ओढायची. पुढे पोराला शोधत फिरताना 'तुम्ही माझ्या मुलाला पाहिलंत का' असा काकुळतीचा डायलॉग आला की मलाच कसंनुसं व्हायचं. विचर ३ मध्ये मानलेल्या पोरीच्या, सिरीच्या मागे साक्षात मृत्यू लागलाय आणि आपले हिरो गेराल्टभाऊ खानावळीत पत्ते कुटतायत.

गंमत म्हणजे ह्याचं उत्तर फार पूर्वीच सापडलेलं आहे. पहिल्या फॉलआउटमध्ये, १९९७ च्या, पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची चिप आणायला १५० दिवस असायचे, त्यात आणली नाही तर मागे राहिलेली माणसं मेली. मजोराज मास्कमध्ये (२०००) तीन दिवसांत चंद्र कोसळणार, तो वर बघितलं की दिसतो, दररोज जवळ आलेला, आणि गावातला प्रत्येक माणूस आपापल्या वेळापत्रकाने फिरत असतो, तुमच्यासाठी कुणी थांबत नाही. पण वेळेची मर्यादा लोकांना आवडत नाही म्हणतात. मग घाईची गोष्ट तरी सांगू नका ना!

*

मी एकटाच उलटा दिसतोय. मला चालते तीच गोष्ट. १९८५ पासून मारिओची राजकन्या दुसऱ्याच किल्ल्यात आहे, म्हटलं असू दे, उडी मारायला मजा येते ना? दिवसभर डोकं पिंजून झाल्यावर कंट्रोलर हातात घेतला की मला कुणी जीवनाचा अर्थ विचारू नये. कटसीन, म्हणजे मधेच नुसता बघायचा सिनेमासारखा तुकडा, आला की स्किप. दणादण स्किप.

*

बराच काळ एका मोठ्या स्टुडिओत लेव्हल डिझाइनला होतो, नाव लिहीत नाही. आतून कसं चालतं ते सांगतो म्हणजे लेखकांना शिव्या घालताना जरा हात आखडता घ्याल. आमच्याकडे लेखक यायचा तेव्हा निम्म्या लेव्हल तयार असायच्या. पूल कोसळतो ती, कारखान्यातली, बर्फाच्या डोंगरावरची. आणि त्याला सांगायचे, ह्या तिन्ही जोडणारी गोष्ट दे. तो बिचारा विचारायचा हिरो डोंगरावर का जातो? आम्ही म्हणायचो ते तू ठरव, पण बर्फ फायनल आहे. मग हिरोचा जुना मित्र डोंगरावर लपलेला निघायचा.

दुसरं कारण पैसा. २०२३ मध्ये अमेरिकेत मायक्रोसॉफ्टविरुद्धच्या खटल्यात सोनीची कागदपत्रं कोर्टात आली, आकडे काळ्या मार्करने खोडलेले, पण स्कॅनमध्ये वाचता येत होते! द लास्ट ऑफ अस पार्ट २ ला साधारण २२ कोटी डॉलर, होरायझन फॉरबिडन वेस्टला २१ कोटी २० लाख. एवढे लावल्यावर कोण म्हणेल की चला, हिरो म्हणून एक म्हातारी ग्रंथपाल घेऊ आणि ती कुणालाच मारणार नाही?

आणि ते जिकडेतिकडे सापडणारे ऑडिओ लॉग, ज्यात मेलेली माणसं आपली शेवटची वाक्यं तपशीलवार रेकॉर्ड करून जातात, ते कुठून आले माहितीये? सिस्टिम शॉक, १९९४. जिवंत माणसाशी संवाद म्हणजे यादीतून वाक्य निवडणं, ते खोटं वाटायचं, म्हणून त्यांनी गोष्टीतल्या अंतराळ स्थानकावरची माणसंच मारून टाकली आणि फक्त आवाज ठेवले. त्या वेळी तो शहाणपणा होता. आता तीस वर्षं झाली, अजून आपण कोपऱ्याकोपऱ्यात टेप उचलतोय.

*

वरच्यांनी लिहिलंय त्याला जोडून. माझ्या मते गोष्टी सारख्या असतात कारण आपली बोटं सारखंच काम करत असतात. नेम धर, गोळी झाड, आडोशाला लप. ह्या तीन क्रियांतून बदला, बचाव आणि युद्ध सोडून निघणार तरी काय? अनचार्टेडचा नेथन ड्रेक कटसीनमध्ये इतका गोड, हसरा, आणि मधल्या वेळात माणसं मारतोय शेकड्यांनी. हे त्यांनाही कळत होतं, अनचार्टेड ४ मध्ये हजार शत्रू मारले की एक ट्रॉफी मिळते, तिचं नावच ह्या विसंगतीवरून ठेवलंय. स्वतःवर विनोद केला आणि पुढे गेले.

म्हणून पेपर्स, प्लीज (२०१३). तुम्ही सीमेवरचे कारकून. कागद बघायचे, तारीख, शिक्का, फोटो, आणि हिरवा नाहीतर लाल शिक्का मारायचा, बास. एक माणूस येतो, कागद चोख, जाताना म्हणतो मागे माझी बायको आहे, जरा सांभाळून घ्या. बायको येते आणि तिच्याकडे प्रवेशाचा परवाना नाही. लाल शिक्का मारला तर ताटातूट, हिरवा मारला तर खडखड करत चुकीची पावती छापून येते, आणि दिवसातल्या पहिल्या दोन चुका माफ असतात, तिसरीपासून पगार कापतात. घरी पोराला ताप, हीटरचे पैसे द्यायचेत. मी हिरवा मारला. पण मारायच्या आधी त्या दिवसाच्या चुका मनात मोजून घेतल्या, आणि मोजल्या ह्याचीच मला शरम वाटली. बंदुकीच्या गेममध्ये ट्रिगर दाबताना असं कधी झालेलं नाही.

*

माझ्या ताईला गेम म्हणजे धडाधड मारामारी एवढंच माहीत. तिला फ्लॉरेन्स (२०१८) लावून दिला, फोनवरचा, अर्ध्यापाऊण तासात संपतो. एक मुलगी, एक चेलोवाला मुलगा, प्रेमात पडतात. पहिल्या भेटीत तिला बोलायचं असतं तर आपण संवादाच्या फुग्याचे तुकडे जोडायचे, खूप तुकडे. दुसऱ्या वेळी कमी. ओळख वाढत जाते तसे कमी कमी होत शेवटी एकच, नुसता सरकवायचा. ताई म्हणाली, अगोबाई, बोलणं सोपं होत गेलं की! आणि मग भांडण येतं तेव्हा तुकडे टोकदार होतात, पटापट जोडले तर आपली बाजू वरचढ. ती भराभर जोडून जिंकली आणि फोन ठेवून म्हणाली, मी कशाला जिंकले गं?

तासाभराने विचारते, असे अजून आहेत का. नाहीयेत गं बाई फारसे, तेच तर रडगाणं चाललंय इथे.

*

पेपर्स, प्लीज, फ्लॉरेन्स वगैरे छोट्या स्टुडिओंच्या गेमचं फार कौतुक झालं, आता जरा थांबा. तिकडेही साचा आहेच. कुणीतरी गेलेलं असतं, रिकामं घर असतं, ड्रॉवरमध्ये पत्रं असतात, पियानो वाजत असतो. नाहीतर दुःखाचे पाच टप्पे पाच रंगांत. ग्रिस नावाच्या गेममध्ये तर त्या टप्प्यांच्या नावाने अचीव्हमेंट (खेळताना मिळणारी बक्षिसं) आहेत. शोकाचं दुकान झालंय सगळं.

अपवाद म्हणून व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंचमधला (२०१७) कारखान्याचा भाग सांगतो. रिकामं घर, मेलेलं कुटुंब, सगळा साचा हजर. पण तिथे उजव्या हाताने मासा उचलून यंत्राखाली धरायचा, डोकं उडवायचं, पुढे ढकलायचा, आणि त्याच वेळी डाव्या हाताने त्या मुलाच्या मनातल्या राज्यात राजपुत्राला चालवायचं. हळूहळू राज्य स्क्रीनभर पसरतं आणि मासे तर तुम्ही न बघता कापत असता. मन कामातून उडणं म्हणजे काय ते हातांनीच कळतं, कुणी निवेदन केलं नसतं तरी कळलं असतं.

*

निवडीबद्दल कुणीच बोललं नाही? मास इफेक्ट ३ (२०१२), तीन गेमभर निर्णय घेतले, कोण जगलं कोण मेलं सगळं जपलं, आणि शेवटी काय, तर लाल, निळा, हिरवा, रंग बदलून जवळपास तोच शेवट. इतकी बोंबाबोंब झाली की काही महिन्यांत शेवट वाढवून फुकट द्यावा लागला. बायोशॉकमध्ये (२००७) लहान मुलीला वाचवा नाहीतर तिच्यातली ताकद पिळून काढा, पण वाचवलं तरी नंतर भेटी मिळून हिशोब जवळपास तेवढाच, म्हणजे चांगलं वागणं फुकटात.

पेंटिमेंट (२०२२) घ्या. सोळाव्या शतकातलं बव्हेरियातलं गाव, तुम्ही मठात काम करणारे चित्रकार, खून होतो आणि संशयित अनेक. पुरावे सगळे गोळा करायला वेळ पुरतच नाही, कुणावर तरी बोट ठेवावं लागतं, त्याला तुमच्यासमोर मारतात, आणि खुनी तोच होता का हे गेम शेवटपर्यंत ठामपणे सांगत नाही. मित्राने दुसऱ्यावर बोट ठेवलं होतं, आमचं भांडण अजून मिटलेलं नाही, तो म्हणतो तू निर्दोष माणूस मारलास, मी म्हणतो तूच. आणखी एक, ह्यात आवाज नाहीत, प्रत्येकाचं बोलणं अक्षरांत, भिक्षूचं वळणदार, शेतकऱ्याचं गिचमिड, आणि छापखानेवाल्याचं चक्क छापील. वाचन भरपूर आहे, वर स्किपवाले दादा आहेत त्यांनी ह्याच्या वाटेला जाऊ नये.

*

स्किपवाला दादा बोलतोय. फ्लॉरेन्स डाउनलोडला लावलाय, अर्ध्या तासाचा आहे म्हणून. त्यात कटसीन असतील तर आधी सांगा.