इंग्लंडमधलं डिस्ट्रिक्ट कौन्सिल: पोर्तुगीज पासपोर्टवर मत देता येतं?

प्रश्न (म्हापसा): मावसभाऊ तिथल्या खेड्यात राहतो, पोर्तुगीज पासपोर्टवर. वहिनी भारतीय, व्हिसावर. दोघांना डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या स्थानिक स्वराज्य संस्थेच्या, निवडणुकीत मत आहे का?

उत्तर १: आहे. पोर्तुगालचा ब्रिटनशी स्थानिक मतदानाबाबत करार आहे आणि भारतीय कॉमनवेल्थमध्ये मोडतात. नावनोंदणी मात्र मतदानाच्या १२ कामकाजी दिवस आधी व्हायला हवी. अर्जात नॅशनल इन्शुरन्स नंबर (तिथला कर आणि सामाजिक विम्यासाठीचा वैयक्तिक क्रमांक) विचारतात.

उत्तर २: २०२३पासून फोटो ओळखपत्र सक्तीचं. दोन्ही पासपोर्ट चालतात, चेहरा ओळखू येत असेल तर मुदत संपलेलाही. आधार नाही हं! गोंयकारांचं घोडं अडतं ते नावापाशी: यादीत एक, पासपोर्टवर भलतंच. आत्ताच जुळवून घ्या.

उत्तर ३: बटण नाही, बोटाला शाई नाही. कागदावर पेन्सिलीने फुली. वॉर्डात दोन जागा असतील तर दोन फुल्यांपर्यंत चालतं. तिसरी मारली की मतपत्रिका बाद. पॅरिश कौन्सिलची, म्हणजे साधारण आपल्या पंचायतीची, निवडणूक त्याच दिवशी असली तर तिची पत्रिका वेगळी.