पॉयझन आयव्ही आणि तिचे भाऊबंद: अंगावर उठलेल्या पुरळाचे अनुभव

अमेरिकेच्या पूर्व भागात घर आणि थोडेफार अंगण असलेल्या मराठी माणसाची पॉयझन आयव्हीशी कधी ना कधी गाठ पडतेच. कुंपणावर, झाडांच्या बुंध्यांवर, रानवाटांच्या कडेला ती माजते. एका देठावर तीन पर्णिका, त्यांतल्या मधलीचा देठ जरा लांब आणि जुन्या वेलीच्या खोडावर तपकिरी केसाळ मुळे, अशी तिची ओळख बहुतेकांना पाठ असते. पुरळ उठते ते तिच्या पानांत, खोडात आणि मुळांत असणाऱ्या उरुशिऑल या तेलाच्या ॲलर्जीमुळे. वेल ओळखावी कशी, हे पुष्कळांनी सांगून झाले आहे. ते तेल आपल्या अंगापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचले, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. तेवढ्यासाठीच हे अनुभव मागवीत आहे. शक्यतो सविस्तर लिहावे.

न्यू जर्सी

सुरुवात माझ्यापासून करतो. मी वेलीला हात लावला नव्हता, बागेत कामही केले नव्हते, तरीही दोन्ही हातांच्या आतल्या बाजूला आणि मानेवर लालभडक चट्टे उठले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो घरात कुत्रा आहे का, हा. आमचा कुत्रा रोज झुडपांत हुंदडून येतो, तेल त्याच्या केसांवर बसते आणि दाट केसांमुळे त्याला स्वतःला बहुधा काहीच होत नाही; त्याला उचलून घेणाऱ्याला मात्र होते. आता हातमोजे घालून त्याला साबणाने धुतल्याखेरीज घरात प्रवेश नाही.

व्हर्जिनिया

आई साताऱ्याहून आमच्याकडे राहायला आली होती. मेथी पेरण्यासाठी जागा करावी म्हणून तिने कुंपणालगतचा सगळा झाडोरा हाताने उपटला आणि दुसऱ्याच दिवशी तिच्या मनगटापासून कोपरापर्यंत फोडांच्या लांबलचक रेघा उमटल्या. मी घाबरले होते; ती मात्र हात निरखून शांतपणे म्हणाली, "अगं, हा तर बिबा उतलाय." तिच्या लहानपणी पायात काटा मोडला की बिब्याचा चटका देत असत आणि तेव्हा एकदा तिचे पाऊल असेच फोडांनी भरले होते. त्वचारोगतज्ज्ञांना मी हे जुजबी माहिती म्हणून सांगितले, पण त्यांना त्यातच उत्तर सापडले. बिबा, आंबा, काजू आणि पॉयझन आयव्ही ही सारी एकाच कुळातली असून त्यांच्या चिकातली द्रव्ये एकमेकांशी इतकी मिळतीजुळती असतात की एकाची ॲलर्जी झालेल्या शरीराला दुसरे परके वाटत नाही. अगदी पहिल्यांदाच संपर्क आलेल्या माणसाला पुरळ उठायला दोन-तीन आठवडेही लागू शकतात. आईला ते दुसऱ्या दिवशी उठले, कारण तिच्या शरीराची ओळख बिब्यामुळे आधीच झालेली होती. पूर्वी धोबी कपड्यांवर बिब्याच्या रसाने खुणा करीत, तेव्हा नेमकी त्या खुणेखालची कातडी काहींना खाजत असे, तोही हाच प्रकार. आईचा आग्रह तीळ वाटून लावण्याचा होता. शेवटी थंड पाण्याच्या घड्या, कॅलामाइन आणि डॉक्टरांचे मलम यांवर तडजोड झाली.

सिंधुदुर्ग

मी पॉयझन आयव्ही पाहिलेली नाही, परंतु वरचे वाचून राहवले नाही. आमच्याकडे ओले काजूगर काढणाऱ्या बायका हाताला राख किंवा खोबरेल फासूनच बसतात, कारण टरफलातले तेल लागले की बोटांची सालपटे निघतात. 1982 साली पेनसिल्व्हेनियात विकल्या गेलेल्या मोझांबिकच्या काजूंत टरफलाचे तुकडे राहून गेल्याने ते खाणाऱ्या अनेकांना पुरळ उठले होते, हे वाचल्यापासून मी टरफलाचे डाग असलेला गर तोंडात टाकत नाही.

कॅलिफोर्निया

आमच्या डोंगरांत पॉयझन ओक, म्हणजे पॉयझन आयव्हीचेच भाऊबंद असलेले झुडूप, असते. हिवाळ्यात त्याची पाने गळतात आणि उरलेल्या निष्पर्ण काड्यांतही तेल असते, त्यामुळे पाने मोजण्याचा मंत्र निरुपयोगी ठरतो. माझ्या पोटऱ्यांवर जानेवारीत पुरळ उठले होते.

पेनसिल्व्हेनिया

मी त्वचारोगांचीच डॉक्टर आहे आणि दर उन्हाळ्यात माझ्याकडे अशा रुग्णांची रांग लागते. फोडांतल्या पाण्याने पुरळ पसरते, हा समज काही केल्या जात नाही. ते पाणी निरुपद्रवी असते. जिथे तेल जास्त लागले किंवा कातडी पातळ आहे तिथे पुरळ आधी उठते, इतरत्र मागाहून, म्हणून ते पसरल्यासारखे दिसते. तेल लागल्याचे कळताच, शक्यतो पहिल्या काही मिनिटांत, साबणाने चोळून आणि भरपूर पाण्याने धुवावे. नखांखालची जागा विसरू नये. पुन्हापुन्हा पुरळ येत असेल तर बुटांच्या नाड्या, कात्रीची मूठ, हातमोजे तपासावेत, कारण न धुतलेल्या अवजारांवर हे तेल वर्षानुवर्षे टिकून राहते. तीव्र पुरळावर स्टिरॉइडच्या गोळ्या द्याव्या लागल्या तर त्या सहसा दोन ते तीन आठवडे, मात्रा उतरवत घ्यायच्या असतात. बरे वाटले म्हणून मध्येच सोडल्या की पुरळ उलटते. आणि उपटलेली वेल कधीही जाळू नये. धुराबरोबर तेलाचे कण फुप्फुसात जातात, तेव्हा अशा धुरानंतर धाप लागली तर अंगावर काही उठण्याची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.