शब्दचर्चा : डिस्टोपिया (बोलणाऱ्यांची नावं त्यांच्या गावांवरून)

दर्यापूर : ‘डिस्टोपिया’ले, म्हणजे जुलमी राज्याच्या भयाण कल्पनेले, मराठीत काय म्हणाव? ‘दुःस्वप्नलोक’ भुताच्या गोष्टीतला वाटते. आपल्याकडे ‘मोगलाई’ आहे न, ते चालवली तं?

पुसद : भाऊ, नाही जमणार. १८५३ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात जाईपर्यंत वऱ्हाड निजामाच्या मुलखात, म्हणजे मोगलाईतच होतं. म्हणून शब्द जवळचा वाटतो. पण मोगलाई, बेबंदशाही, पेंढारशाही या सगळ्यांत कायद्याचा पत्ताच नसतो. डिस्टोपियात कायदा, शिस्त, नोंदवही सगळं ठाकठीक. फक्त खालच्या माणसाचं वर पोचत नाही. इंग्रज लेखक टॉमस मोरनं १५१६ मध्ये ग्रीकमधून ‘युटोपिया’ घडवला, कुठंच नसलेली जागा. डिस्टोपिया त्याच्या उलट, वाईट जागा. इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिलनं १८६८ मध्ये ब्रिटिश संसदेत सरकारच्या आयर्लंडविषयक धोरणावर टीका करताना मंत्र्यांना ‘डिस्टोपियन’ म्हटलं. म्हणजे शिवी राज्यकर्त्यांनाच होती, दरोडेखोरांना नव्हे.

आर्वी : हे पटलं. कोतवालाची दवंडी एकतर्फीच होती, पण तो गावातलाच. पारावर अडवून ‘काहून बा, कोनं सांगतलं?’ विचारता ये. आता मोबाइलवर निरोप येते, त्याले उत्तर पाठवाची सोयच नाही. २०२१ पासून ई-पीक पाहणी, म्हणजे पिकाची सरकारी नोंद, ॲपवर आली. तुरीचा फोटो आपणच टाकाचा. तलाठ्याशी भांडता ये. ॲपशी कोण भांडन?

दर्यापूर : गुरुजी, पण तलाठी काही देव नव्हता. कित्येकदा पाहणी चावडीत बसूनच होये. आता फोटो तं आपल्या हातात आहे.

आर्वी : तेही खरंच म्हणा.

वरोरा : आणि जिथं सगळेच बोलतात तिथलं काय? जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. पोरं पळवणाऱ्या टोळीची अफवा मोबाइलवर फिरली आणि जमावानं भिक्षेकरी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारलं. बोलायला कुणी बंदी केली नव्हती. ती मारली गेलेली माणसंही बोलतच असणार.

पुसद : ताई, त्याला मी बेबंदशाहीच म्हणेन. पण दोन्हींत समोरच्याचं ऐकणं संपलेलं असतं, हे खरं. ‘झोटिंगशाही’च्या चालीवर ‘बहिरशाही’ म्हणू या?

वरोरा : बहिऱ्या माणसाला कशाला मधे ओढता? त्याला ऐकू येत नाही. यांना ऐकायचं नसतं.

पुसद : मान्य. मागे घेतला. ‘दुर्राज्य’?

दर्यापूर : पानाचा तोबरा धरून म्हणून पाहा, भाऊ. डिस्टोपियाच राहू द्या.