मदत हवी आहे : एमए अर्थशास्त्राच्या प्रबंधासाठी पीएलएफएसचा (नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणाचा) कच्चा डेटा

विषय : महाराष्ट्रातील महिलांचा श्रमसहभाग. डेटा 2023-24 चा, पहिल्या भेटीची व्यक्तिगत फाइल, काम आर या संगणकीय भाषेत.

फाइल सलग अंकांची असल्यामुळे लेआउटच्या तक्त्यातील बाइटस्थाने बघून स्तंभ पाडले आहेत. भार (नमुन्यातली एक व्यक्ती किती लोकांच्या जागी धरायची तो आकडा) काढताना एनएसएस (त्या उपनमुन्यातील घटकांची संख्या) आणि एनएससी (सर्व उपनमुने मिळून संख्या) हे फाइलमधले स्तंभ समान असतील तिथे मल्टिप्लायरला 100 ने, नसतील तिथे 200 ने भागले आणि मग तिमाहींच्या संख्येने. (ही शेवटची पायरी राहिली तर लोकसंख्या फुगते, पण टक्केवारी जवळपास ठीकच दिसते, म्हणून चूक लक्षात येत नाही.) मुख्य आणि दुय्यम स्थिती एकत्र धरून 11 ते 51 (कामात असलेले) आणि 81 (बेरोजगार) हे कोड घेतले. 15 वर्षांवरील महिलांचा देशपातळीवरचा दर अहवालाप्रमाणे 41.7 टक्के येतो, म्हणजे इथवर गाडी रुळावर आहे.

अडचण पुढे. आरच्या सर्व्हे पॅकेजमध्ये स्तर (नमुना निवडण्याआधी पाडलेले गट) आणि एफएसयू (पहिल्या टप्प्यात निवडलेली गावे किंवा शहरी गट) दिल्यावर काही स्तरांत एकच एफएसयू उरतो आणि प्रमाणत्रुटी (स्टँडर्ड एरर) निघतच नाही. असे स्तर शेजारच्या स्तरात मिसळावेत की 'अ‍ॅडजस्ट' पर्याय (एकट्या एफएसयूची तुलना एकूण सरासरीशी करणारा) वापरावा? परीक्षकांना काय पटते?

दुसरे, मार्गदर्शकांना जिल्हानिहाय आकडे हवे आहेत. या वर्षाच्या नमुन्यात ते फारच डळमळीत वाटतात. राज्याच्या 6 एनएसएस विभागांवर (राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने पाडलेल्या जिल्ह्यांच्या गटांवर) थांबणे बरे. अनेक वर्षे एकत्र करून कुणी जिल्हापातळी गाठली असेल तर भार कसे जुळवले? कोड असेल तर सोन्याहून पिवळे.