मान वळत नाही, नजरेने कॅमेरा फिरवायचाय : आय ट्रॅकरचं सेटिंग कसं करू?

कोब्रावाला

नमस्कार मंडळी. मी एलीट डेंजरस हा अंतराळयान उडवण्याचा गेम खेळतो, बहुतेक वेळ कोब्रा मार्क थ्री हे जहाज घेऊनच. दोन वर्षांपूर्वी माझ्या मानेचे दोन मणके शस्त्रक्रियेने जोडले. तेव्हापासून मान १५ अंशांच्या पुढे वळवली की कळ येते, आणि वर बघणं तर त्याहून अवघड. म्हणून हेड ट्रॅकिंगचा, म्हणजे डोकं हलवून कॅमेरा फिरवण्याचा नाद सोडून आय ट्रॅकर घेतला, जो नजर कुठे आहे ते टिपतो. २७ इंची मॉनिटरच्या खालच्या कडेला लावलाय. मी स्क्रीनपासून साधारण ६५ सेंटिमीटरवर बसतो, हातात जॉयस्टिक आणि थ्रॉटल.

दोन आठवडे झगडतोय. रडारकडे नजर टाकली की अख्खं कॉकपिट खाली झुकतं आणि समोरचं जहाज दिसेनासं होतं. बाजूने जाणाऱ्या जहाजाकडे बघितलं तर कॅमेरा तिकडे जातो, परत येतो, पुन्हा जातो, नुसते हेलकावे. सेन्सिटिव्हिटी वाढवून बघितली तर हेलकावे वाढले, फार कमी केली तर कॅमेरा हलतच नाही. तासाभरात डोळे चुरचुरायला लागतात. कॅलिब्रेशन, म्हणजे ट्रॅकरला माझ्या नजरेची ओळख करून देणं, सात-आठ वेळा केलं. दुपारी खेळलो तर ट्रॅकिंग मधूनच तुटतं, रात्री तुटत नाही.

मला परत नीट लढता यायला हवंय. ज्यांनी हे जमवलंय त्यांनी सविस्तर सांगाल का?

उलटगिरकी

आय ट्रॅकर बाजूला ठेवा आणि ओपनट्रॅक हे डोक्याची हालचाल टिपणारं सॉफ्टवेअर टाकून बघा. फुकट आहे आणि साध्या वेबकॅमवर चालतं. त्यात मॅपिंगचा कर्व्ह असतो. तो असा ओढायचा की डोकं ८ अंश वळलं तर गेममधलं डोकं ९० अंश वळेल. मान पूर्ण वळवावी लागत नाही, कारण डोळे स्क्रीनवरच राहतात. मी तरी नजरेने कॅमेरा फिरवण्याच्या फंदात पडलो नाही.

कोब्रावाला

धन्यवाद. हे करून बघितलंय. ८ अंश वळवणं जमतं, पण जहाज बाजूला असेपर्यंत मान त्या ८ अंशांवर धरून ठेवावी लागते. दुखणं येतं ते त्या धरून ठेवण्यामुळे. लढाई लांबली की दुसऱ्या दिवशी मान आखडलेली असते. त्यामुळे मला नजरेचाच मार्ग हवा आहे.

शांतवैमानिक

तुमचे हेलकावे कशाने होतात ते आधी सांगतो, मग आकडे तुमचे तुम्हालाच लावता येतील.

डोकं वळवलं की कॅमेरा फिरतो, पण कॅमेरा फिरल्यामुळे तुमचं डोकं काही हलत नाही. नजरेचं तसं नाही. समजा शत्रू उजवीकडे ४० अंशांवर आहे. तुम्ही त्याच्याकडे बघता, कॅमेरा उजवीकडे वळतो, त्यामुळे शत्रू स्क्रीनवर मध्याकडे सरकतो. नजर त्याच्या मागे मध्याकडे येते. नजर मध्याकडे आली म्हणून कॅमेरा परत डावीकडे येतो, शत्रू पुन्हा कडेला जातो. कुत्र्याने स्वतःचीच शेपटी पकडायला जावं तसं हे चक्र आहे.

आता गुणक धरा, म्हणजे नजर १ अंश कडेला गेली तर कॅमेरा किती वळावा. गुणक १ असेल तर तो ४० अंशांवरचा शत्रू स्क्रीनवर २० अंशांवर येऊन थांबतो आणि कॅमेराही २० अंश वळलेला राहतो. गुणक ३ असेल तर शत्रू १० वर, कॅमेरा ३० वर. कागदावर हे छान वाटतं. पण ट्रॅकर, फिल्टर आणि गेम यांत थोडा उशीर असतोच. गुणक मोठा आणि त्यात हा उशीर, की कॅमेरा थांबायच्या जागेच्या पुढे निघून जातो. तुमचे हेलकावे ते हेच. सेन्सिटिव्हिटी वाढवल्यावर ते वाढले, ते यामुळेच. म्हणून बाजूचा गुणक १ ते १.५ च्या दरम्यान ठेवा आणि स्मूदिंग, म्हणजे कॅमेऱ्याचे धक्के मऊ करणारं सेटिंग, सध्याच्या दुप्पट करा. कॅमेरा आळसावलेला वाटेल. दोन संध्याकाळी तसंच खेळा, मग कमी करायचं की नाही ते ठरवा. लगेच बदलू नका.

सेन्सिटिव्हिटी कमी केल्यावर कॅमेरा हलेनासा झाला, त्यावर उपाय डेडझोनमध्ये आहे. मधला सुमारे ६० टक्के भाग पूर्ण शांत हवा, तिथे नजर कुठेही फिरली तरी कॅमेरा ढिम्म. त्यापलीकडे गुणक हळूहळू चढू द्या, कर्व्ह एकदम उभा करू नका. नजर एका जागी स्थिर ठेवली तरी डोळा बारीक थरथरत असतो, वर ट्रॅकरची स्वतःची चूक असते. तुमच्या अंतरावर १ अंशाची चूक म्हणजे स्क्रीनवर १.१ सेंटिमीटर. डेडझोन हे सगळं गिळून टाकतो.

खाली बघण्याची अक्ष सरळ शून्य करा. रडार खाली मध्यभागी आहे, तिथे तुम्ही मिनिटाला वीसदा बघणार. जी गोष्ट वाचायची ती जागची हलता कामा नये. बाजूची पॅनेलं नजरेने उघडायचा मोहही सोडा, १ ते ४ ही बटणं मूळ सेटिंगमध्ये त्याच कामाला आहेत, ती थ्रॉटलवर बसवा.

वरची अक्ष मात्र सढळ ठेवा. या गेममध्ये जहाजाचं नाक आडवं वळतं त्यापेक्षा वर-खाली कितीतरी चपळ वळतं. म्हणून आपण सगळे आधी रोल करून, म्हणजे जहाज कुशीवर फिरवून, शत्रूला डोक्यावर घेतो आणि मग नाक उचलतो. लढाईतला बराच वेळ शत्रू वरच्या काचेतच असतो. तिथे गुणक २ ठेवा. नवीन लोक डावं-उजवं सेटिंग करण्यात दिवस घालवतात आणि ही अक्ष विसरतात, याचं मला फार वाईट वाटतं.

चुरचुरण्याबद्दल. एरवी १५-२० अंशांपलीकडे काही बघायचं झालं की आपण आपोआप मान वळवतो, डोळे तेवढे कडेला नेत नाही. तुमचा मॉनिटर सुमारे ६० सेंटिमीटर रुंद आहे. ६५ वर बसलात तर कड मध्यापासून जवळजवळ २५ अंशांवर येते, आणि मान साथ देत नसल्याने सगळा भार डोळ्यांवर पडतो. ७५ वर सरकलात तर तीच कड २२ अंशांच्या आत येते. खुर्ची मागे घ्या. आणि पापण्या मिटायला विसरू नका, लढाईत आपण तासन्‌तास टक लावून बसतो. पापणी मिटली की कॅमेरा मध्यावर उडी मारत असेल तर नजर हरवल्यावर कॅमेरा आहे तिथेच धरून ठेवायची सोय सॉफ्टवेअरमध्ये शोधा.

काचेआडून

दुपारी तुटण्याबद्दल मी सांगू शकेन, कारण मी चष्मा लावून हेच सोसलंय. ट्रॅकर डोळ्यावर इन्फ्रारेड प्रकाश टाकतो आणि बुबुळावर चमकणारा ठिपका बाहुलीच्या मध्यापासून किती सरकलाय त्यावरून नजरेची दिशा काढतो. सूर्यप्रकाशात इन्फ्रारेड भरपूर असतं. खिडकी तुमच्या पाठीशी किंवा बाजूला असेल तर तो ठिपका त्यात हरवतो. जाड पडदा लावा किंवा टेबल फिरवा. चष्म्याच्या काचेवर वेगळेच ठिपके उमटतात. मी चष्म्याची काडी कानावर किंचित वर उचलली, काचेचा कोन बदलला आणि तुटणं थांबलं. कॅलिब्रेशन मात्र जो चष्मा लावून खेळणार तोच लावून करायचं. शिवाय ट्रॅकर यूएसबी हबमध्ये असेल तर तो काढून थेट मशीनला जोडा.

कोब्रावाला

दहा दिवसांनी लिहितोय, कारण शांतवैमानिक यांनी सांगितल्याप्रमाणे लगेच काही बदललं नाही.

खुर्ची ७५ वर. मधला ६० टक्के शांत. बाजूला गुणक १.३, वर २, खाली शून्य. खिडकी माझ्या डाव्या खांद्यामागे होती, टेबल फिरवल्यापासून ट्रॅकिंग एकदाही तुटलेलं नाही. पहिले दोन दिवस कॅमेरा इतका संथ वाटला की सोडून द्यावंसं वाटत होतं. चौथ्या दिवशी कॅमेरा आहे हेच विसरलो.

काल एका अंतराळ चाच्याच्या वायपर जहाजाशी लढलो. रोल करून त्याला वर घेतलं, वर बघितलं, तर काचेतून तो पूर्ण दिसत होता, आणि माझी मान टेकलेलीच होती. परतताना स्टेशनच्या फटीतून आत शिरलो, उजवीकडे हिरवे दिवे, डावीकडे लाल, आणि दोन्ही कडा नजरेने तपासता आल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा मी न घासता आत गेलो. तुम्हा दोघांचे मनापासून आभार.

एकच अडलंय. पाठीमागे बघायचं झालं तर? नजरेने तिथवर जाता येत नाही.

शांतवैमानिक

वाचून फार आनंद झाला. नजरेला मागे ओढू नका, गुणक वाढवाल आणि हेलकावे परत येतील. जॉयस्टिकवरची छोटी हॅट (अंगठ्याने चारी दिशांना ढकलायचं बटण) हेडलूकला, म्हणजे गेममधलं डोकं वळवण्याच्या सेटिंगला जोडा, अंगठ्याने डावी-उजवी मारून मागच्या कोपऱ्यांत बघा. एक बटण असंही ठेवा ज्याने ट्रॅकिंग थांबेल. गॅलॅक्सी मॅप वाचताना ते दाबून ठेवलं की डोळ्यांना खरी विश्रांती मिळते.